पूरभिंत नाकारलेलं डॅव्हनपोर्ट

३० एप्रिल २०१९ च्या दुपारी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्टच्या रिव्हर ड्राइव्ह रस्त्यावर उभारलेला तात्पुरता बांध फुटला. तारेच्या जाळीच्या, वाळूने भरलेल्या पेट्या रचून केलेला हा बांध. बघता बघता बाजारपेठेतल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. दोन दिवसांनी मिसिसिपी २२.७ फुटांवर पोहोचली आणि १९९३ च्या महापुराचा उच्चांकही मागे पडला. लाखभर वस्तीच्या शहराला कायमची पूरभिंत का नाही, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. नसण्याचं कारण जुनं आहे.

हे शहर नदीमुळेच वसलं. सॉक आणि मेस्क्वाकी लोकांची ही भूमी १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर तहाने हिरावली गेली. त्या तहात दुभाष्या असलेल्या आंत्वान लक्लेअरला इथे जमीन मिळाली. १८३६ साली त्याने आणि सोबत्यांनी गाव आखलं आणि आपला मित्र जॉर्ज डॅव्हनपोर्ट याचं नाव त्याला दिलं.

मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूलही इथलाच, एप्रिल १८५६ चा. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच ‘एफी आफ्टन’ ही आगबोट त्याच्या खांबावर आदळली आणि पेटली. पुलाचा एक गाळाही जळाला. बोटमालकाने पूल कंपनीवर दावा लावला. कंपनीच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. नदीतून वर-खाली जाणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच ती ओलांडणाऱ्याचा, हा त्यांचा मुद्दा. ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण पूल टिकला आणि रेल्वे पश्चिमेकडे गेली.

१९६५ च्या पुरानंतर भिंतीची चर्चा जोरात सुरू झाली. समोरच्या काठावरच्या रॉक आयलंडने भिंत बांधली. डॅव्हनपोर्टने खर्च पाहिला, काठावरून नदी दिसेनाशी होईल हेही पाहिलं, आणि नकार दिला. पूर येणारच हे धरून काठावर बागा आणि मोकळी जागा ठेवायची, हा मार्ग त्यांनी निवडला. नदीकाठच्या बेसबॉल मैदानाला पुराच्या वेळी काढता-घालता येणारी भिंत लावतात. भोवती पाणी आणि मधे कोरडं हिरवं मैदान, असं ते बेटासारखं दिसतं.

मला हा निर्णय धाडसाचा वाटतो, पटतोही. पण २०१९ मध्ये त्याची किंमत शहराने सारखी वाटून घेतली नाही. ती काठालगतच्या छोट्या दुकानदारांनी, हॉटेलवाल्यांनी मोजली. कित्येकांना गल्ल्यावरची रोकडही उचलायला वेळ मिळाला नाही. २०२३ च्या वसंतात नदी पुन्हा २१ फुटांवर चढली. या खेपेला बाजारपेठेपुढचा बांध टिकला.