लाइक आले म्हणजे प्रिंट खपली असं नव्हे

इन्स्टाग्रामवर फॉलोअर वाढले की प्रिंट आपोआप खपतात, हा समज फोटोग्राफर मंडळींत बरीच वर्षं फिरतोय. तसं होत नाही. लाइक देणारे बरेचसे आपल्यासारखेच कॅमेरेवाले; ते लेन्स कोणती ते विचारतात, किंमत नाही. पोस्टच्या मजकुरातली लिंकही दाबून उघडत नाही. तिथला फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंद, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तर जेमतेम साडेतीन इंच! १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. कागदाचा पोत मोबाइलवर दिसणार कसा? पैसे मोजणारा माणूस प्रिंट हातात घेऊन, उजेडात तिरकी धरून बघतो. सोशल मीडिया कामाचा आहे तो निमंत्रणापुरता: प्रदर्शन कुठे, मापं कोणती, किंमत किती. आणि किंमत लिहाच. ‘डीएम करा’ (खासगी मेसेज करून विचारा) म्हटलं की गिऱ्हाईक बुजतं.