अनोळखी रान आणि सांबराचा माग: बेळगाव भागातली पार्श्वभूमी

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे किंवा खाली हेमाडग्याकडे गेले की जे रान लागते, तिथे आज सांबर-भेकराच्या मागावर दोनच प्रकारची माणसे फिरतात. एक वनखात्याच्या गणनेतली आणि दुसरी चोरून फास लावणारी. शंभर वर्षांपूर्वी तिसरा प्रकारही होता, परवाना घेऊन येणारा शिकारी. बहुतेक वेळा तो बाहेरचा असे, बेळगावच्या छावणीतला नाहीतर मुंबई-पुण्याकडचा. त्याने या मुलखातल्या शिकारीवर लिहिले, छापले आणि अनोळखी रान हुडकण्याची विद्या त्याच्या नावावर जमा झाली. ती विद्या इथल्याच माणसांची होती, हे मला इथे मांडायचे आहे.

आधी भूगोल, कारण त्याशिवाय पुढचे कळत नाही. बेळगाव जिल्ह्यात दोन वेगळे मुलूख शेजारी नांदतात. पश्चिमेला सह्याद्रीचा घाटमाथा, दाट झाडी आणि जांभ्या खडकाचे उघडे सपाट सडे. पूर्वेला अथणीपासून बागलकोट, विजापूरपर्यंत पसरलेला उघडा, कमी पावसाचा माळ. माळावर काळवीट आणि चिंकारा, रानात सांबर, भेकर, चितळ, चौसिंगा आणि पिसोरी हे सशाएवढे हरीण. माळावर जनावर लांबून दिसते, पण त्यालाही तुम्ही लांबून दिसता. रानात दोघेही एकमेकांना दिसत नाहीत. त्यामुळे शिकारीच्या रीतीही निरनिराळ्या घडल्या.

माळावरची रीत धावेची आणि आडोशाची होती. मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी नावारूपाला आणलेला मुधोळचा लांब पायांचा शिकारी कुत्रा याच माळाचे अपत्य. कोल्हापूरच्या दरबारात काळविटावर चित्ते सोडत. पण सर्वांत बारीक हुन्नर होता तो फासेपारध्यांचा, ज्यांना इकडे हरणशिकारी म्हणतात. शिकवून तयार केलेल्या गाई-बैलाच्या आडून ते कळपाजवळ सरकत आणि हरणांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आतड्याच्या तातीचे फास मांडत. त्यासाठी कळप कुठे बसतो, कोणत्या पिकात उतरतो, उठला की कोणत्या बाजूने निघतो, हे आधी दिवसचे दिवस लांबून पाहावे लागे. इंग्रज सरकारने या लोकांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. ज्यांच्याइतके हरीण कुणालाच कळत नव्हते, त्यांची नोंद चोर म्हणून झाली, याचे वाईट वाटते.

या मुलखातल्या जनावरांची पहिली नीट छापील यादी केली ती वॉल्टर एलियट या मुलकी अधिकाऱ्याने. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला तेव्हा त्याचा हा तरुण मदतनीस राणी चन्नम्माच्या माणसांच्या हाती सापडला आणि काही आठवडे कैदेत राहिला. सुटल्यावर त्याने पुढची काही वर्षे याच दक्षिण मराठा मुलखात काढली. तो पट्टीचा शिकारी होता. १८३९ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात त्याने इथल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. तिच्यात शास्त्रीय नावांच्या जोडीला कानडी, मराठी आणि दख्खनी नावे आहेत. ही नावे अर्थातच त्याला कुणीतरी सांगितली, आणि नावाबरोबर जनावराची खोडही सांगितली असणार. सांगणाऱ्यांची नावे यादीत नाहीत.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे छावणी वसली, १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा बेळगाव जिल्हा झाला. १८८० च्या दशकात लोंढ्यावरून कॅसलरॉककडे आणि पुढे मुरगावकडे रेल्वे गेली. त्याआधी घाटमाथ्यावर जायचे म्हणजे बैलगाडी आणि मुक्काम. रेल्वेने शिकाऱ्याला थेट रानाच्या तोंडाशी उतरवले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली होती, त्यांचे ब्लॉक पाडले गेले आणि ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक जनावरांच्या हद्दीत शिकारीचे परवाने मिळू लागले. मुदत थोडी आणि ब्लॉक नवखा. म्हणून रान पायाखाली घालण्याला महत्त्व आले.

शिकाऱ्याच्या हातात सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा असे. बेळगाव, खानापूर, लोंढा हा सगळा भाग त्यांच्या ४८ आय या क्रमांकाच्या नकाशात येतो. एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाच्या नकाशावर ओढे, खिंडी, डोंगराची धार सारे दिसते. एप्रिलात कोणत्या ओढ्याच्या कोणत्या डोहात पाणी उरते, हे मात्र त्यावर नसते. ते माहीत असे गवळी धनगरांना, कारण त्यांच्या म्हशी त्याच डोहावर उतरत. शिकारी गावात आला की आधी गवळीवाड्यावर निरोप जाई, तो याचसाठी.

आता खुद्द माग. पुस्तकी शिकारी जमिनीवर खूर शोधतो. जांभ्याच्या सड्यावर खूर उमटतच नाही. दगड कडक, वर बारीक खडी, पाऊस गेल्यावर सगळे वाळून लोखंडासारखे. म्हणून इथला माणूस खुरासाठी तीनच जागा पाहतो: गाडीवाटेची धूळ, ओढ्याचा काठ आणि नाचणीच्या शेताची कड. बाकी रानात तो नजर गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर ठेवतो. हरणाच्या जातीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेला कोंब ओढून तोडल्यासारखा, धागे निघालेला दिसतो. सशाने तोच कोंब खाल्ला तर सुरीने कापावा तसा तिरका, स्वच्छ काप मिळतो. सांबर चिखलात लोळते आणि जाताना बुंध्याला अंग घासते. खोडावरचा वाळका चिखल किती उंचीवर आहे त्यावरून जनावराची उंची कळते, आणि चिखल बोटाने चुरडून पाहिला की काल लोळले की चार दिवसांपूर्वी याचा अंदाज येतो. लेंड्यांचेही तसेच. ताज्या असल्या की ओलसर चकाकी असते, उन्हात ती लवकर जाते. चौसिंगा मात्र पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे त्याचा ढीग सापडला की तो जवळपास राहतो असे समजायचे. रवंथ करताना टाकलेल्या आवळ्याच्या बिया दिसल्या तरी माग लागतो.

वाऱ्याचे गणित याहून अवघड. उन्हाळ्यात दुपारनंतर गोव्याकडून घाट चढून पश्चिमेचा वारा येतो, बेळगावकरांना तो संध्याकाळी अंगावर घ्यायची सवयच आहे. दुपारनंतर सांबराच्या जवळ जायचे तर पूर्वेकडून, वारा तोंडावर घेऊन जावे लागते. भल्या पहाटे उलटे होते, थंड हवा दरीत उतरत असते, म्हणून खालून वर चढावे. हे न कळता पश्चिमेच्या पायवाटेने घुसलेल्या शिकाऱ्याला सांबराची इशाऱ्याची एकच खणखणीत हाक ऐकू येई, आणि मग रान रिकामे. हाक्याच्या शिकारीत ही अडचण बंदूकवाल्याची नसे. हाकारे रान उठवत आणि तो खिंडीत बसे. पण त्याला कोणत्या खिंडीत बसवायचे हे गावातलाच जाणता माणूस ठरवी.

१९११ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातल्या सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यामागे रॉटन हा निवृत्त वनाधिकारी होता. त्याचे नाव आपल्या भागाशी कायमचे जोडले गेले, कारण तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतून मिळालेल्या वटवाघळाला १९१३ मध्ये त्याचे नाव दिले गेले. सोसायटीच्या प्रेटरने या गुहांवर टिपणही लिहिले. हरणाचा विषय सोडून मी वटवाघळाकडे वळलो खरा, पण बदल इथेच दिसतो. तेच रान, त्याच पायवाटा, तेच गावकरी वाटाडे. फक्त आता शिंगांऐवजी माहिती गोळा होऊ लागली.

कायद्याने हा बदल फार सावकाश पक्का केला. स्वातंत्र्यानंतर बेळगाव मुंबई राज्यात असताना १९५१ चा मुंबईचा वन्यप्राणी संरक्षण कायदा लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाच्या जखमेबद्दल इथे लिहीत नाही, पण वनखात्याची भाषा आणि कागद बदलले, आणि मराठी बोलणाऱ्या वाड्यांतल्या माणसांचा खात्याशी संवाद तुटक झाला, हेही या इतिहासात येते. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्या कायद्याने शिकार एका रात्रीत संपली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मूळ कायद्यात काही जनावरांसाठी परवान्याची तरतूद शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढली. तेव्हापासून हरणाची हौशी शिकार हा सरळ गुन्हा आहे.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. शेजारी दांडेली-अणशीचा, आता काळी नावाने ओळखला जाणारा व्याघ्र प्रकल्प. देशभरातली व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते आणि तिच्यात वाघाइतकेच त्याचे भक्ष्य मोजले जाते. ठरलेल्या दोन किलोमीटरच्या रेषेवरून सकाळी चालायचे, दिसलेले प्रत्येक खुरी जनावर, त्याचे अंतर आणि कोन टिपायचा. मग त्याच रेषेवर दर ४०० मीटरला २ मीटर रुंद आणि २० मीटर लांब पट्टा आखून त्यातल्या लेंड्या मोजायच्या. लेंडी सांबराची की भेकराची, हे ओळखल्याशिवाय तक्ता भरता येत नाही. बदली होऊन आलेल्या वनरक्षकाला हे रान त्या छावणीतल्या साहेबाइतकेच परके असते. त्याच्यापुढे चालतो तो रोजंदारीवरचा वॉचर, बहुतेकदा जवळच्याच वाडीतला, कुणबी नाहीतर गवळी धनगर. अभयारण्याच्या आतल्या वाड्यांच्या स्थलांतराची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. रस्ता, दवाखाना, शाळा यांसाठी बाहेर पडावेसे वाटणे अगदी रास्त आहे. पण डोह, खिंडी आणि वारा यांची माहिती कुणीतरी या माणसांशेजारी बसून, त्यांच्या नावानिशी लिहून घ्यायला हवी, आणि ती वाड्या उठण्याआधी.

ज्यांना आज स्वतः माग पाहायचा आहे त्यांच्यासाठी एवढेच: अभयारण्यात खात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. चैत्र-वैशाखात सांबराची शिंगे गळतात, वाटेत एखादे पडलेले दिसेलही, तेसुद्धा उचलून घरी नेता येत नाही. फोटो घ्यावा, जागा टिपावी आणि बीटच्या वनरक्षकाला कळवावे.