पार्श्वभूमी : उतारवयातली अंगमेहनत आणि ‘जड काम’ ठरवण्याचा घोळ

जर्मनीत १८८९ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० होती. १९१६ मध्ये ती ६५ वर आली. पुढे बराच काळ लक्ष राहिले ते ओझ्याच्या वजनावर. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा होती. पंचविशीतला असो की पंचावन्नचा, आकडा एकच.

फिनलंडमध्ये १९८१ पासून पंचेचाळिशी ओलांडलेल्या पालिका कामगारांचा दीर्घ अभ्यास झाला आणि चर्चा वयावरून काम झेपण्याच्या क्षमतेकडे वळली. तिशीनंतर दर दशकात दमसास साधारण दहा टक्क्यांनी घटतो. सिमेंटची गोणी मात्र तेवढीच जड राहते. शिवाय ज्यांची कंबर गेली ते आधीच काम सोडून गेलेले असतात, त्यामुळे उरलेले वयस्कर कामगार मोजणीत धडधाकट दिसतात.

मग जड काम कोणते? ऑस्ट्रियाने २००७ पासून लवकर निवृत्तीसाठी उष्मांकांचे माप लावले : आठ तासांत पुरुषाचे २०००, स्त्रीचे १४०० किलोकॅलरी खर्च झाले तर काम जड. मोजायला सोपे, पण दिवसभर वाकून फरशी बसवणाऱ्याच्या गुडघ्यांचे काय, हे त्यातून कळत नाही.

खरा वाद पेटला फ्रान्समध्ये. २०१४ च्या कायद्याने कष्टाच्या कामाचे खाते सुरू केले. दहा निकष, त्यावर गुण, आणि गुणांच्या बदल्यात प्रशिक्षण, कमी तास किंवा लवकर निवृत्ती. गवंडी दिवसात किती वेळ वाकतो हे कोण मोजत बसणार, अशी मालकांची तक्रार होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. पण २०१७ मध्ये उपाय निघाला तो मोजणी सोपी करण्याचा नाही. जड ओझी, अवघडलेली शरीरस्थिती, यंत्रांची कंपने आणि घातक रसायने हे चार निकषच खात्यातून वगळले गेले. म्हणजे बांधकामावर पाठ आणि सांधे ज्यांनी झिजतात, नेमके तेच. या चार निकषांत मोडणाऱ्या कामगारांसाठी लवकर निवृत्तीची वाट उरली ती व्यावसायिक आजाराने किमान १० टक्के कायमचे अपंगत्व आल्यावर. संरक्षण मिळण्यासाठी आधी शरीर मोडलेले हवे!

२०२३ मध्ये निवृत्तीवय ६२ वरून ६४ वर नेणारा कायदा झाला तेव्हा कामगार संघटनांनी हे निकष परत मागितले. ते परतले नाहीत. ओझी, शरीरस्थिती आणि कंपने यांपासून बचावाच्या उपायांसाठी वेगळा निधी तेवढा ठेवला गेला.