बीसीडी घेताना: आधी वजन, मग जॅकेट

मालवणला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिली डाइव्ह करून आलेले बरेच जण आमच्या डाइव्हिंग सामानाच्या दुकानात शिरतात ते थेट "बीसीडी कोणती घेऊ?" असं विचारत. बीसीडी म्हणजे टाकी पाठीवर धरणारं आणि पाण्यात तरंग सांभाळणारं हवेचं जॅकेट. बहुतेकांना आम्ही सांगतो, सध्या कुठलीच नको. तासाभराच्या त्या ओळखीच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो आणि बीसीडीचं बटणही त्याच्याच हातात असतं. ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स करा, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या किंवा अंदमानच्या दोन सहली भाड्याच्या सामानावर होऊ द्या. आधी स्वतःचा मास्क घ्या, मग खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर. बीसीडी वर्षभरानं घेतली तरी काही बिघडत नाही. तोवर आपल्याला काय खुपतं ते तुम्हालाच कळलेलं असतं आणि दुकानातला वेळ वाचतो, तुमचा आणि आमचाही.

अपवाद एकच. अंगानं बारीक किंवा उंचीनं कमी असाल, तर भाड्याचं जॅकेट कधीच नीट बसत नाही. सेंटरवर मीडियम आणि लार्जचा ढीग असतो, लहान मापाचं असलंच तर एखादं, आणि तेही कुणीतरी आधीच घातलेलं असतं. पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं, टाकी पाठीवर डावी-उजवीकडे डुलते आणि सगळा दोष शिकणाऱ्याच्या माथी येतो. महिला ग्राहकांकडून आम्ही हे फार ऐकतो. अशांनी स्वतःची बीसीडी लवकर घ्यावी.

बीसीडीचं काम किती?

बीसीडी म्हणजे हवेची एक पिशवी, तिच्यात टाकीतली हवा भरायचं बटण, ती सोडायच्या दोन-तीन जागा आणि हे सगळं अंगाला बांधणारे पट्टे. फार फुगली तर फाटू नये म्हणून जादा दाब आपोआप सोडणारा वॉल्व्हही असतो. ती लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहीलच, अशी हमी कोणतीही बीसीडी देत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या बीसीडीवर ईएन १८०९ या मानकाचा उल्लेख असतो. घेताना तो जरूर पाहा, पण त्याचा अर्थही एवढाच घ्या.

पाण्याखाली तिची कामं दोन. डाइव्हच्या सुरुवातीला टाकीतल्या हवेचं वजन पेलायचं, आणि खोलवर वेटसूट (अंग गरम ठेवणारा फेसाळ रबराचा सूट) दबून त्याची तरंग कमी झाली की तेवढी भरपाई करायची. आपल्याकडे सर्रास मिळणारी टाकी ॲल्युमिनियमची, ११ लिटरची. २०० बार दाबाला तिच्यात सुमारे २.७ किलो हवा मावते. भरलेली असताना टाकी किंचित बुडते. ५० बार उरेपर्यंत २ किलो हवा वापरली जाते आणि तीच टाकी सव्वा-दीड किलोनं वर ओढू लागते. वर येताना घ्यायच्या शेवटच्या तीन मिनिटांच्या सुरक्षा-थांब्यावर काही जण फुग्यासारखे वर निघतात, ते यामुळे.

मग प्रशिक्षक किंवा आपण स्वतः काय करतो? "घाला अजून दोन किलो शिसं." बुडायला मदत म्हणून अंगावर बांधायचं हे शिसं वाढवायची सवय महागात पडते.

समजा तुमच्या अंगावर ४ किलो शिसं गरजेपेक्षा जास्त आहे. ते पेलायला बीसीडीत सुमारे ४ लिटर जादा हवा ठेवावी लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात तुम्ही ६ मीटरवर आहात आणि कशाला तरी बघायला ३ मीटर वर आलात. दाब १.६ बारवरून १.३ वर येतो, ४ लिटरचे ४.९ लिटर होतात आणि जवळजवळ एक किलोचा धक्का वरच्या दिशेनं बसतो. हीच तीन मीटरची चढ २० मीटरवरून १७ वर केली तर धक्का याच्या निम्मा. म्हणजे ज्या उथळ पाण्याला आपण सोपं समजतो, तिथंच जादा शिसं जास्त छळतं. नवा डाइव्हर अशा वेळी हवा सोडतो, दगडासारखा खाली जातो, पुन्हा भरतो, पुन्हा वर. दोष मात्र "जॅकेट बरोबर नाही" म्हणून जॅकेटला. त्याला दुसरं, आणखी महाग जॅकेट विकणं आम्हाला सोपं आहे. पण तो महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत येतो.

म्हणून बीसीडी दाखवायच्या आधी आम्ही तुमचं वजन विचारतो. तुमचं नव्हे, शिशाचं. माहीत नसेल तर पुढच्या डाइव्हच्या शेवटी हे करून पाहा: टाकीत ५० बार उरले असताना पृष्ठभागावर बीसीडी पूर्ण रिकामी करा, पाय हलवू नका, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेला यायला हवं. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. ताडकन बुडालात तर एक किलो काढा. हे भरलेल्या टाकीनं केलं तर आलेल्या आकड्यात २ किलो मिळवा. आणि पोहण्याच्या तलावातला आकडा समुद्रात चालत नाही: खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे सामानासकट १०० किलो भरणाऱ्या माणसाला तिथं अडीच किलो जास्त लागतात.

प्रकार, आणि आमचा कल

जॅकेट पद्धतीच्या बीसीडीत हवा पाठीमागे, बगलेखाली आणि पोटाशी पसरते. पृष्ठभागावर उभं राहायला आरामशीर, खिसे भरपूर, शिकताना हाताखालून गेलेलं असल्यानं ओळखीचं. पण जास्त फुगवलं की बरगड्या आवळतं, आणि आतला फोम स्वतःच तरंगतो, म्हणजे त्याच्यासाठी वेगळं शिसं बांधायचं.

बॅक इन्फ्लेटमध्ये हवा फक्त पाठीमागे असते. पाण्याखाली माणूस आपोआप आडवा होतो, छाती मोकळी राहते. पृष्ठभागावर मात्र बोटीची वाट बघताना पूर्ण फुगवलं तर तोंड पुढे ढकलतं. थोडी कमी हवा ठेवून मागे रेललात, आणि शिसं टाकीच्या बाजूला सरकवलंत, की हा त्रास बराचसा जातो.

तिसरा प्रकार बॅकप्लेट आणि विंग. धातूची पाठप्लेट, तिच्यातून ओवलेला ५ सेंमी रुंदीचा एकसंध पट्टा, आणि प्लेट व टाकी यांच्यामध्ये बसणारी हवेची विंग. फ्लोरिडाच्या गुहांत उतरणाऱ्या डाइव्हरांनी ही पद्धत घडवली, त्यामुळे ती फक्त "टेक्निकल", म्हणजे गुहांसारख्या अवघड डाइव्ह करणाऱ्या लोकांची असा समज आहे. तो सोडा. पट्टा आपल्या मापानं ओवता येतो, त्यामुळे ४५ किलोच्या मुलीला आणि ९५ किलोच्या माणसाला तीच प्लेट बसते. विंग फाटली तर विंगच बदलायची, पट्टा झिजला तर पट्टा. आमचा कल उघड याच्याकडे आहे. गैरसोयही सांगतो: खिसे नसतात, आणि पहिल्या दोन-तीन डाइव्ह पट्टे जुळवण्यातच जातात.

प्लेट कशाची? ॲल्युमिनियमची साधारण किलोभराची, ३ मिमी स्टीलची अडीच किलोच्या आसपास. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच सामान मिळतं, म्हणून अंदमान-लक्षद्वीपवाल्यांनी ॲल्युमिनियम घ्यावी. शिसं तिथं सेंटरवर मिळतंच. गाडीनं मालवणला जाणाऱ्यांना स्टील बरी, तेवढं शिसं कमरेवरून कमी होतं. मात्र स्टीलची प्लेट, स्टीलची टाकी आणि पातळ सूट हे तिन्ही एकत्र आले तर माणूस जन्मतःच जड होतो आणि संकटात टाकून द्यायला अंगावर काही उरत नाही. ही जोडणी आम्ही करून देत नाही.

साइडमाउंट (टाकी पाठीऐवजी बगलेला लावायची पद्धत) हवं असेल तर आधी त्याचा कोर्स करून या. मग बोलू.

किती किलोची उचल?

उचल म्हणजे पूर्ण फुगलेली पिशवी जेवढं वजन तरंगत ठेवते ते. जितकी जास्त तितकी सुरक्षित, असं वाटतं खरं. हिशोब करा. ३ मिमीचा सूट आणि एक ॲल्युमिनियम टाकी: हवेचे २.७ किलो, सूट दबल्यानं गेलेले फार तर २ किलो. झाले पाचाच्या आत. दुसरी कसोटी म्हणजे बोटीशी काढून ठेवलेलं सामान एकटं तरंगलं पाहिजे: भरलेली टाकी, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत देणारं उपकरण), प्लेट आणि खिशातलं शिसं मिळून ५ ते ७ किलो. १२-१३ किलो उचलीची विंग आपल्या पाण्यात भरपूर झाली. २० किलोच्या पुढची विंग एका टाकीला लावली तर तिच्या कडा टाकीभोवती गुंडाळतात, हवा कोपऱ्यात अडकते आणि सोडायच्या वेळी सुटत नाही. ब्रिटन किंवा कॅनडात राहणाऱ्यांचं गणित वेगळं. थंड पाणी, ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) आणि मोठी स्टीलची टाकी असेल तर १८ किलोपर्यंत जावं लागतं.

अंगाला जुळवणं

जॅकेट असो वा बॅकप्लेटच्या पट्ट्यांचं हार्नेस, माप वेटसूट घालूनच घ्यायचं. जॅकेट पूर्ण फुगवा आणि खोल श्वास घ्या; छाती आवळली तर माप चुकलं. हात डोक्यावर नेल्यावर जॅकेट हनुवटीला लागता कामा नये.

हार्नेसच्या बाबतीत सह्याद्रीत भटकणारी मंडळी एक गोष्ट हटकून करतात: ट्रेकच्या सॅकचे आवळतात तसे खांद्याचे पट्टे आवळतात. पाण्यात खांद्यावर ओझं नसतंच. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये हात सहज सरकला पाहिजे, नाहीतर बोटीवर हार्नेसमधून बाहेर पडताना दोन माणसं मदतीला लागतात. प्लेटला जागेवर धरण्याचं काम कमरेचा पट्टा आणि पायांमधून येणारा पट्टा करतात. हा पायांमधला पट्टा पाहून बरेच जण नाक मुरडतात. पण टाकी वर सरकून डोक्याला लागायची थांबते ती त्याच्यामुळेच. कमरेचं बक्कल मध्यावर न ठेवता थोडं उजवीकडे घेतो, म्हणजे पायांमधल्या पट्ट्याच्या फासाने ते चुकून उघडत नाही.

डी-रिंग छातीवर दोन, डाव्या कमरेला एक, मागे एक. बस्स. दिसायला रुबाबदार म्हणून आठ-आठ लावून घेणारे आहेत. प्रत्येक जादा रिंग दोर आणि जाळ्यात अडकायची जागा आहे, आणि कोकण किनाऱ्यावर तुटलेली मासेमारीची जाळी पाण्यात असतात. छातीची रिंग दुसऱ्या बाजूच्या हातानं न बघता सापडली पाहिजे. दिवा किंवा गेजचा हूक आम्ही दोरीनं बांधून देतो, धातूला धातू जोडत नाही. अडकलंच तर सुरीनं कापता येतं.

इन्फ्लेटरची (हवा भरायच्या-सोडायच्या बटणांची) नळी कंपनीकडून येते ती बहुधा गरजेपेक्षा लांब. ती डाव्या पट्ट्याला रबरी दोरानं अशी बांधायची की लोंबकळू नये, पण तोंडानं फुंकायला ओठांपर्यंत यावी आणि हवा सोडताना डोक्यावर उचलता यावी. विंगसाठी ३० ते ४० सेंमीची नळी बहुतेकांना पुरते. इन्फ्लेटरमध्येच पर्यायी रेग्युलेटर असेल तर त्याची जोडणी वेगळी असू शकते, म्हणून टाकीकडून इन्फ्लेटरला हवा आणणारी तुमची होज सोबत आणा.

पाय सारखे खाली जातात, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. जड रबरी फिन्स आणि कमरेवरचं शिसं हे दोन संशयित. टाकी पट्ट्यात दोन-तीन सेंमी वर घ्या, किलोभर शिसं टाकीच्या वरच्या पट्ट्यावर चढवा. उलट डोकं खाली जात असेल तर उलट. एका वेळी एकच बदल करा. सगळं शिसं एकाच जागी मात्र नको. निदान निम्मं तरी एका हातानं ओढून टाकता येईल अशा खिशात किंवा बेल्टवर असू द्या. टाकीचा नायलॉन पट्टा ओला करूनच आवळा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात सैल होतो आणि टाकी घसरते.

रंग कोणताही घ्या. फक्त मालवणच्या गढूळ दिवसांत काळ्या सुटातला काळ्या जॅकेटचा जोडीदार दोन मीटरवर दिसत नाही, तेव्हा खांद्याला एखादी भडक पट्टी असलेली बरी.

जुनी घेत असाल तर

चांगली जुनी बीसीडी स्वस्तातल्या नव्यापेक्षा बरी, फक्त तपासून घ्या. जादा दाबाचा वॉल्व्ह फुस्स करेपर्यंत फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी घट्टच असली पाहिजे. इन्फ्लेटरची नळी हलके ताणून घड्यांमध्ये चिरा बघा. भरायचं बटण दाबून सोडल्यावर लगेच परत आलं नाही तर मिठानं धरलं आहे. पिशवी हलवल्यावर आत वाळूसारखा आवाज आला तर ते वाळलेलं मीठ. शिशाच्या खिशांचा वेल्क्रो दमलेला असेल तर खिसा डाइव्हमध्येच गळून पडतो, आणि माणूस वर जातो.

सांभाळ

डाइव्हनंतर नुसतं बाहेरून पाणी मारणं पुरत नाही. नळीतून आत गोडं पाणी घाला, थोडी हवा भरा, उलटंपालटं करून हलवा, खालच्या वॉल्व्हमधून काढून टाका, दोनदा. मग अर्धवट फुगवून सावलीत वाळवा. गच्चीवरचं ऊन कापड आणि पट्टे दोन्ही खातं. बटण चिकटून पाण्याखाली हवा आपोआप भरू लागली तर पहिली हालचाल एकच: हवेची होज खटकन काढा आणि पिशवीतली हवा सोडत राहा. ही हालचाल हातमोजे घालूनही जमते का, ते बोटीवर करून बघा.

वर्षातून एकदा इन्फ्लेटर उघडून साफ करायला हवा. पावसाळ्यात कोकणातलं डाइव्हिंग बंद असतं, तेव्हा जून-जुलैत आणून दिलीत तर आमच्याकडेही निवांत वेळ असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येऊन "दिवाळीला निघायचंय" म्हणणाऱ्यांची रांग लागते.

फिटिंगला येताना स्वतःचा वेटसूट, फिन्स आणि रेग्युलेटर घेऊन या, आणि मागच्या डाइव्हला किती शिसं घेतलं होतं तो आकडा. जवळच्या तलावात भरलेल्या टाकीसह जुळवून बघायला साधारण दोन तास लागतात. तलावावर पट्टे पुन्हा ओवावे लागले तर त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.