इतक्या लवकर इतक्या तेजस्वी कशा?

जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रे जुलै २०२२ मध्ये आली आणि थोड्याच दिवसांत ‘महास्फोट झालाच नाही’, म्हणजे विश्व दाट आणि तप्त अवस्थेतून प्रसरण पावत आलेच नाही, असे मथळे फिरू लागले. ‘मग महास्फोट खरोखरच झाला नाही का?’ हा प्रश्न आजही मला वरचेवर विचारला जातो, आणि तो रास्त आहे. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे मानायचे आणि त्यातली पहिली तीस कोटी सरायच्या आतच लखलखीत दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) दिसायच्या, म्हटल्यावर शंका येणारच. ती नेमकी कशावर घ्यायची, एवढाच मुद्दा आहे.

त्याआधी अंतर कसे ठरते ते पाहू. त्या काळी सर्वत्र पसरलेला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरहून आखूड लहरींचा प्रकाश गिळून टाकतो. त्यामुळे दीर्घिकेचा वर्णपट, म्हणजे लहरींच्या लांबीनुसार मांडलेला तिचा प्रकाश, त्या जागी कड्यासारखा तुटतो. प्रकाश आपल्याकडे यायला निघतो, वाटेत विश्व प्रसरण पावत राहते आणि लहरी ताणल्या जातात. वेबच्या ‘जेड्स’ या सर्वेक्षणात सापडलेल्या ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’ या दीर्घिकेत हा कडा १८५० नॅनोमीटरच्या आसपास सापडतो. म्हणजे लहरी पंधरापट ताणल्या गेल्या. यावरून कळते, की हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व तीस कोटी वर्षांचेही नव्हते.

नुसत्या छायाचित्रावरून मात्र फसगत होते. ‘सीअर्स-९३३१६’ ही दीर्घिका रंगांवरून महास्फोटानंतर अवघ्या २५ कोटी वर्षांची वाटली होती. बरीच खळबळ उडाली. मग तिचा वर्णपट घेतला, तेव्हा ती सुमारे १२० कोटी वर्षांनंतरची निघाली. धूळ आणि तप्त वायूच्या प्रखर रेषांनी मिळून तो रंग साधला होता. २०२३ च्या फेब्रुवारीत गाजलेल्या सहा ‘अवाढव्य’ दीर्घिकांबाबतही पुढे असे दिसले, की काहींचा बराचसा प्रकाश ताऱ्यांचा नसून कृष्णविवराभोवतीच्या वायूचा असावा. तारे कमी, तर वस्तुमानही कमी.

तरीही सगळे कोडे सुटत नाही, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जेड्समधल्या त्या दीर्घिकेचा वर्णपट पक्का आहे. चिलीतल्या अल्मा दुर्बिणींना तिच्यात प्राणवायूही सापडला. प्राणवायू ताऱ्यांच्या पोटात तयार होतो, म्हणजे ताऱ्यांची निदान एक पिढी तोवर जन्मून संपलीसुद्धा होती. वायूपासून तारे घडण्याचा वेग आपण धरला होता त्याहून जास्त असला पाहिजे, किंवा तारे झुंडीने, उसळ्या घेत जन्मत असले पाहिजेत. चुकले ते दीर्घिका कशा घडतात याचे गणित. विश्व एके काळी दाट आणि तप्त होते, हे विधान त्याहून वेगळे आहे.

शिवाय प्रकाश यायला वेळ लागतो, म्हणून दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. विश्व अनादी असते, तर दूरच्या दीर्घिका जवळच्यांसारख्याच दिसायला हव्या होत्या. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद; जेड्समधली ती साधारण सोळाशे. दूर पाहावे तसतशा दीर्घिका लहान, ओबडधोबड आणि जड मूलद्रव्यांत गरीब होत जातात.

तापमानाची साक्षही आहे. आज विश्वभर पसरलेले सूक्ष्मलहरी प्रारण २.७ केल्विनचे, म्हणजे निरपेक्ष शून्याहून जेमतेम २.७ अंश वरचे आहे. विश्व एके काळी तप्त होते, तर पूर्वी हे प्रारण अधिक उबदार असायला हवे. २००८ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे रघुनाथन श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी दूरच्या एका वायुमेघातील कार्बन मोनॉक्साइडवरून त्याचे पूर्वीचे तापमान मोजले. महास्फोटानुसार अपेक्षा होती ९.३ केल्विनची, मोजमाप आले ९.१५, म्हणजे त्रुटीच्या मर्यादेत तंतोतंत. हे आयुका उभारले जयंत नारळीकरांनी, ज्यांना महास्फोट अखेरपर्यंत पटला नाही. पण त्यांनी आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी नुसती शंका घेतली नव्हती. ताऱ्यांचाच प्रकाश अवकाशातले धातूचे सूक्ष्म तंतू शोषून सूक्ष्मलहरींत बदलतात, असा पर्याय त्यांनी गणितासह मांडला होता. वेबच्या छायाचित्रांवरून महास्फोट मोडीत काढणाऱ्यांकडून मला या ९.१५ केल्विनचे उत्तर हवे आहे.