रोग भिंतीतला

‘अहो, गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट (श्रम करायला लावून हृदयाची केलेली तपासणी) नॉर्मल आली होती!’ कुणाला हार्ट अटॅक आल्याचं कळलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. मग तपासणी करणाऱ्यावरच संशय घेतला जातो. खरं तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: टेस्टही बरोबर होती आणि अटॅकही आला. ते पटत नाही, कारण आपल्या डोक्यात पाण्याच्या नळाचं चित्र पक्कं बसलेलं असतं. नळात गाळ साचत जातो आणि एक दिवस नळ तुंबतो. ‘ब्लॉकेज’ या शब्दाने ते चित्र आणखीच पक्कं केलं. हा आजार मात्र नळीच्या पोकळीत सुरूच होत नाही, तो सुरू होतो भिंतीच्या आत.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. त्यांच्या आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं, पण कामाला वाघ. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे धमनी सैलावते आणि रक्तातल्या गुठळी करणाऱ्या प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत. (एका साध्या वायूची ही कामगिरी उलगडणाऱ्या तिघांना 1998चं नोबेल मिळालं.) तंबाखूचा धूर, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली जास्तीची साखर या अस्तराला बिघडवतात. गंमत अशी की रक्त सगळीकडे तेच, कोलेस्टेरॉलही तेच, तरी आजार मुख्यतः धमनीला फाटे फुटतात किंवा वळण येतं तिथे धरतो. सरळ भागात प्रवाह अस्तरावरून एका दिशेने सरकतो, फाट्यापाशी तो घुटमळतो, आणि तिथलं अस्तर कमकुवत राहतं.

अशा जागी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण अस्तराखाली शिरतात, तिथेच अडकतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. शरीराला ते परके वाटतात. मग पांढऱ्या पेशी धावून येतात आणि ते कण गिळायला लागतात. पोट भरलं की थांबावं, हे या पेशींना ठाऊकच नाही. चरबीने टम्म फुगून त्या फेसासारख्या दिसू लागतात आणि तिथेच मरतात. मेलेल्या पेशी आणि चरबी यांचा मऊ गर भिंतीत साठतो. त्यावर स्नायुपेशी तंतूंची टोपी विणतात, म्हणजे एका अर्थी जखमेवर झाकण घालतात. गर आणि टोपी मिळून झालं प्लाक. आजाराचं नाव अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस. त्यातल्या पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ लापशी, दुसऱ्याचा कडकपणा. इतकं नेमकं नाव वैद्यकात क्वचितच सापडतं.

हे सगळं म्हातारपणी घडतं असं समजू नका. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं 1953मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय 22 होतं, आणि 77 टक्के जणांच्या कोरोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या.

मग इतकी वर्षं कळत कसं नाही? कारण प्लाक वाढायला लागलं की धमनी बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देते. आतली पोकळी बराच काळ पूर्वीइतकीच राहते. अँजिओग्राफीत दिसतो तो रक्तात मिसळलेल्या रंगद्रव्याचा आकार, म्हणजे फक्त पोकळी. भिंत आजारी असली तरी चित्र स्वच्छ येऊ शकतं.

ही जागाही पुरेनाशी झाली की पोकळी अरुंद होते. व्यास साधारण 70 टक्के घटला की जिना चढताना छातीवर दडपण येतं आणि थांबलं की जातं. हे अंजायना. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. ठोके वाढले की गरज वाढते आणि नेमकी विश्रांतीच कमी होते. स्ट्रेस टेस्ट पकडते ते हेच अरुंदपण.

हार्ट अटॅकची गोष्ट वेगळी. बऱ्याचदा तो पोकळी फारशी न अडवणाऱ्या, मऊ गराच्या आणि पातळ टोपीच्या प्लाकमुळे येतो. गरातल्या पेशींची विकरं टोपीचे तंतू विरघळवत राहतात. टोपी 65 मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागापेक्षा पातळ झाली की फाटण्याचा धोका मोठा. टोपी फाटते, रक्ताचा गराशी संपर्क येतो, आणि जखम झाली समजून रक्त गोठतं. काही मिनिटांत गुठळी धमनी बंद करते. पलीकडचा स्नायू मिनिटभरात आकुंचन पावेनासा होतो. साधारण वीस मिनिटांनंतर पेशी मरू लागतात, आधी आतल्या थरातल्या, मग बाहेरच्या. फुग्याने हृदयाची धमनी उघडण्याची जी युक्ती आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी 1977मध्ये झुरिकला पहिल्यांदा केली, ती अशा वेळी जीव वाचवते. पण फुगा किंवा स्टेंट (धमनीत बसवलेली जाळीची नळी) एका जागेची पोकळी उघडतो, बाकीची भिंत आहे तशीच राहते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या आणि तंबाखू सोडणं यांचा परिणाम मात्र सगळ्या भिंतीवर होतो.

हार्ट अटॅक म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, हेही सांगून टाकतो. अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये बहुधा विजेची लय बिघडते आणि माणूस क्षणात कोसळतो. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं, म्हणून दोन्हींची गल्लत होते. ‘हार्ट फेल्युअर’ या शब्दाने त्यात भर घातली आहे. त्यात हृदय चालूच असतं, पण मेलेल्या स्नायूमुळे किंवा वर्षानुवर्षं चढ्या रक्तदाबाशी झुंजून थकलेलं असतं. मग धाप लागते, पाय सुजतात.

मानेतल्या धमनीतलं प्लाक फाटलं तर गुठळीचा तुकडा मेंदूत जातो आणि पक्षाघात होतो. पक्षाघात काही वेळा आणखी वेगळ्या वाटेनेही येतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतो, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि मेंदूकडे सुटते. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतली धमनी फुटली, तर रक्तस्राव. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात, तिथे तर प्लाकचा संबंधच नसतो.

पायांच्या धमन्यांतला हाच आजार सगळ्यात दुर्लक्षित. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की जातो. बिचारा माणूस वयाला किंवा गुडघ्याला दोष देत राहतो. खरं तर हा पायाचा अंजायना. तपासणी सोपी आहे: घोट्यापाशी आणि दंडावर रक्तदाब मोजायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असं समजतात. मग डॉक्टर त्याच माणसाच्या हृदयाची आणि मानेतल्या धमन्यांचीही चौकशी सुरू करतात.