विषुववृत्ताजवळचं थंडगार काचघर

काचेचं घर उन्हात उभं केलं की तापणारच. युरोपातल्या थंड देशांनी नेमका याच गुणाचा फायदा घेतला. लंडनच्या क्यू बागेत 1848 साली पूर्ण झालेल्या पाम हाऊसमध्ये बाहेर हिवाळा असताना आत ताडमाड सुखाने वाढतात. सिंगापूरला मात्र उलटं काचघर हवं होतं. विषुववृत्तापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या या बेटावर बारा महिने तीस-बत्तीस अंशांचा घामट उकाडा असतो, आणि तिथे वाढवायची होती ऑलिव्हची झाडं आणि भूमध्य समुद्राकाठची फुलं.

समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरची 101 हेक्टरची ‘गार्डन्स बाय द बे’ ही बाग आपल्याकडच्या सिंगापूर सहलींमध्ये हमखास असते. तिचा मुख्य भाग जून 2012 मध्ये खुला झाला. बहुतेक मंडळी संध्याकाळी पोचतात, उंचच उंच लोखंडी झाडांवरची रोषणाई बघतात, फोटो काढतात आणि जेवायला पळतात. माझ्या मते बागेतली खरी करामत दिवसा, काचेच्या आत बघायला मिळते.

‘फ्लॉवर डोम’ हे दोन काचघरांपैकी मोठं. क्षेत्रफळ 1.2 हेक्टर, उंची 38 मीटर, मध्ये एकही खांब नाही. 3,332 काचांचं हे छप्पर ऊन आत घेतं, पण पारखून. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळपास अर्धा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. पानांना अन्न तयार करायला दृश्य प्रकाश पुरतो. अवरक्त किरण नुसता ताप वाढवतात. म्हणून दुहेरी काचांवर असा लेप दिला आहे की सुमारे 65 टक्के प्रकाश आत यावा, पण उष्णता 35 टक्क्यांच्या आसपासच. मग सरसकट सावलीच का केली नाही? कारण सिंगापूरचं आभाळ बरेचदा ढगाळ असतं आणि भूमध्य प्रदेशातल्या झाडांना भरपूर उजेड लागतो. त्यामुळे इथले पडदे गुंडाळलेलेच असतात. संवेदकांना ऊन गरजेपेक्षा जास्त वाटलं, तरच ते उलगडतात.

एवढं करूनही आत शिरलेल्या उष्णतेचं काय? इथे अभियंत्यांनी सरळ हिशेब मांडला: झाडं आणि माणसं जमिनीलगत असतात, मग 38 मीटर उंचीची सगळी हवा गार कशाला करायची? फरशीखालच्या नळ्यांतून थंड पाणी फिरतं आणि गार हवा खालच्या पातळीवरच हळूच सोडली जाते. गार हवा जड, ती तळाशी पसरून राहते. तापलेली हवा वर चढते आणि वरूनच बाहेर काढली जाते. खाली 23 ते 25 अंश आणि कळसाजवळ बऱ्यापैकी उकाडा, अशी दोन हवामानं एकाच छपराखाली नांदतात.

उकाड्यापेक्षा अवघड दुखणं दमटपणाचं. साधा एसी हवा इतकी गार करतो की तिच्यातली वाफ पाणी होऊन ठिबकते. पण 1 लिटर पाणी असं काढायचं तर सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता हटवावी लागते, आणि हा सगळा भार शीतयंत्रावर पडतो. फ्लॉवर डोममध्ये हवा आधी कोरडी करतात, मग गार. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, तेच तत्त्व इथे वापरलं आहे: क्षाराच्या तीव्र द्रावणावरून हवा नेली की ते तिच्यातली वाफ शोषून घेतं. मग पातळ झालेलं द्रावण तापवून त्यातलं पाणी उडवायचं आणि तेच पुन्हा वापरायचं. तापवायला लागणारी उष्णता येते बॉयलरकडून, आणि बॉयलरमध्ये जळतं ते शहरातल्या उद्यानांतली, रस्त्याकडेची झाडं छाटल्यावर निघालेलं लाकूड. बॉयलरच्या वाफेवर वीजही तयार होते.

आता ती लोखंडी झाडं, म्हणजे ‘सुपरट्री’. एकूण 18, उंची 25 ते 50 मीटर. मधोमध काँक्रीटचा गाभा, भोवती पोलादी सांगाडा आणि त्यावर रोपांचे पॅनल. उभ्या भिंतीवर मातीचा जाड थर टिकत नाही, म्हणून फांद्यांवर वाढायची सवय असलेली झाडं इथे सोयीची: ऑर्किड, नेचे आणि अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड. यातली बरीच ब्रोमेलियाड पानांच्या पेल्यात पाणी साठवून ठेवतात. काही सुपरट्रींवर सौर पॅनल आहेत, त्यांचा बराच बोलबालाही होतो. मला मात्र जास्त पटलेली गोष्ट वेगळी: यातली काही ‘झाडं’ चक्क धुरांडी आहेत. काचघरांतली आणि ऊर्जा केंद्रातली गरम हवा त्यांच्यातून वर सोडतात. धुरांडं लपवायची याहून देखणी युक्ती कुठल्या शहराला सुचली असेल, असं वाटत नाही.

दुसऱ्या काचघरात, ‘क्लाउड फॉरेस्ट’मध्ये, 35 मीटरचा कृत्रिम डोंगर आणि धबधबा आहे. लिफ्टने माथ्यावर जायचं आणि पायवाटेने फिरत खाली उतरायचं. समुद्रसपाटीपासून साधारण 2,000 मीटरपर्यंतच्या उष्ण प्रदेशातलं धुक्याचं जंगल इथे उभं केलं आहे. पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्याला शेवाळ आणि नेच्यांचं नवल वाटणार नाही. घटपर्णीच्या कीटक गिळणाऱ्या सुरया मात्र जवळून बघण्यासारख्या. सुरईच्या ओठाची कड पाण्याने ओली झाली की निसरडी होते आणि मुंगी घसरून आत पडते. डोंगरमाथ्यावरच्या अशा प्रजातींची अडचण ही की हवा तापली तर सरकायला वर जागाच उरत नाही. त्यांच्यासाठी एवढी वीज खर्चून काचेत डोंगर उभारणं कुणाला उधळपट्टी वाटेल. मलाही आधी वाटली होती, पण तिथल्या ऑर्किडच्या गर्दीत ती तक्रार फार वेळ टिकत नाही.

बाहेर पडल्यावर ‘ड्रॅगनफ्लाय लेक’ सोडू नका. बागेतून वाहून आलेलं पाणी पाणवनस्पतींमधून गाळत जातं, गाळ खाली बसतो, जादा नायट्रोजन आणि फॉस्फरस मुळं शोषून घेतात, मग पाणी शेजारच्या मरीना जलाशयात जातं. पाणी खेळतं ठेवल्यामुळे डासांना थारा कमी. त्यातूनही ज्या अळ्या होतात, त्या चतुरांची पाण्यात वाढणारी पिल्लं मटकावतात.